कुसाई म्हणजे नक्की कोणता वास?

मंडळी, जून उजाडला की निशी-कसाईत आपल्या लोकांचे दोन प्रश्न हमखास सुरू होतात. एक, 'कपडे वाळत नाहीत हो, काय करावं?' आणि दुसरा, 'गाडीचा एसी लावला की घाण वास येतो, चांगला परफ्यूम सुचवा.' पहिल्या प्रश्नाला लोक नीट उत्तर देतात. दुसऱ्याला मात्र धडाधड लव्हेंडर, लेमन, क्लिपवालं, जेलवालं अशी यादी येते, आणि मध्येच कुणीतरी हसत म्हणतं, 'अहो, आधी गाडीत थालीपीठ खाणं बंद करा!'

तो विनोद मला खटकतो. विनोद म्हणून नाही, चुकीची नोंद म्हणून. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेलं, त्यामुळे चुकीच्या खात्यावर टाकलेला खर्च दिसला की हात शिवशिवतात. एसीतून येणारा तो वास थालीपिठाचा नसतो. वर विचारलेल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर खरं तर एकच आहे: न वाळलेलं पाणी.

थोडं आत जाऊन सांगते, कारण हे कळलं की परफ्यूमचे पैसे वाचतात. डॅशबोर्डच्या मागे, अंधारात, एक जाळीसारखा भाग असतो. पातळ पातळ पत्र्यांच्या चुण्या एकमेकींना खेटून. त्याला इव्हॅपोरेटर म्हणतात. एसी चालू असताना तो शून्याच्या थोडाच वर, काही अंशांवर असतो. बाहेरची दमट हवा त्यावरून गेली की तिच्यातलं पाणी त्याच्यावर धरतं, जसं थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून धरतं तसं. ते पाणी एका नळीतून खाली रस्त्यावर ठिबकतं. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली छोटं थारोळं दिसतं ना, ते हेच, आणि ते दिसणं चांगलं लक्षण आहे.

अडचण होते गाडी बंद केल्यावर. त्या चुण्या ओल्याच राहतात. हवेबरोबर आलेली धूळ, परागकण, आपल्या कातडीचे सूक्ष्म कण त्यांना चिकटलेले असतात. आता ओल आहे, ऊब आहे, अंधार आहे आणि खायला आहे. बुरशी आणि जिवाणूंना आणखी काय हवं? पुढच्या रविवारी तुम्ही बटण दाबता, पंखा फुंकर घालतो आणि आठवडाभराचा कुबटपणा थेट तुमच्या नाकात. कोकणात श्रावणात दांडीवर तीन दिवस लोंबलेल्या चादरीला जो वास येतो, त्याच्याच नात्यातला हा वास. जपानी लोकांकडे त्या कपड्यांच्या वासाला वेगळा शब्दच आहे, 'नामागावाकी', म्हणजे अर्धवट वाळलेलं. काओ या साबण-डिटर्जंटवाल्या कंपनीच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कपड्यांच्या ह्या वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असल्याचं दाखवलं. म्हणजे जपानी बाईच्या, जपानी साबणाने धुतलेल्या, जपानी टॉवेलला हा वास येतो. त्यात फोडणीचा काहीही संबंध नाही.

आता, आपल्याच गाड्यांना हा त्रास जास्त का वाटतो? कारण आपण गाडी वापरतच नाही. वायटूकेच्या सुमारास जे पहिले आयटीवाले इथे आले, ते तोझाई लाइनमुळेच आले. ओतेमाची, निहोनबाशीची ऑफिसं एकाच गाडीत, न बदलता. सोम ते शुक्र ट्रेन, पोरांना सायकलवर मागे बसवून शाळा, आणि चारचाकी आठवडाभर, कधी तीन आठवडे, पार्किंगमध्ये उभी. त्यातही लिफ्टसारखं वर-खाली होणारं पार्किंग असेल तर ना ऊन ना वारा. शिवाय आपल्यातले बरेच जण जुनी गाडी घेतात, चार-पाच वर्षांत परत जायचंय म्हणून. आधीच्या मालकाने फिल्टर कधी बदलला होता हे कोण विचारतं? आणि एकदा अ‍ॅक्वालाइनच्या बोगद्यात धूर नको म्हणून 'आतली हवा आतच फिरव'चं बटण दाबलं, की ते पुढच्या वर्षीच्या गणपतीपर्यंत तसंच. चार माणसांचा श्वास, ओल्या छत्र्या, रेनकोट, सगळं आतल्या आत.

ह्यावर परफ्यूम लावणं म्हणजे आमच्या भाषेत सस्पेन्स खातं. ताळा जमत नाही, मग फरकाची रक्कम 'सस्पेन्स'मध्ये टाकायची. वरवर दोन्ही बाजू जुळतात आणि चूक जिथे होती तिथेच बसून राहते. फक्त इथे दोन वास एकत्र होऊन तिसराच तयार होतो. कुबट लव्हेंडर ज्याने घेतलाय त्याला मी काय म्हणतेय ते कळेल.

आणि एक गोष्ट आपल्याला फारशी माहीत नसते. जपानमध्ये गेल्या काही वर्षांत 'कोगाई' असा शब्द चालतोय. प्रदूषणाला जो कोगाई शब्द आहे त्याचाच उच्चार, पण पहिलं अक्षर बदलून 'सुगंधाचं' घातलेलं: सुगंधाचा उपद्रव. कपड्यांचे सॉफ्टनर, परफ्यूम, फवारे ह्यांनी काही लोकांचं डोकं दुखतं, मळमळतं. २०२१ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने चार मंत्रालयांना बरोबर घेऊन ह्याबद्दल पोस्टरच काढलं, तुमच्या सुगंधाने कुणाला त्रास होत असेल, अशा अर्थाचं. म्हणजे आपण 'जपान्यांना आपला वास येऊ नये' म्हणून जो जेलचा डबा डॅशबोर्डवर ठेवतो, तोच शेजारच्या जपानी पोराला सहन होत नसण्याची शक्यता आहे. त्यात तो डॅशबोर्ड. जाफ ह्या इथल्या वाहनधारकांच्या संघटनेच्या चाचणीत बाहेर ३५ अंश असताना उन्हात बंद उभ्या काळ्या गाडीतली हवा ५७ अंशांपर्यंत आणि डॅशबोर्ड ७९ अंशांपर्यंत तापला होता. अशा जागी फवाऱ्याचा डबा विसरलात तर वास राहिला बाजूला, तो फुटायची भीती.

पण मी हे सगळं लिहायला बसले ते ह्यासाठी नाही.

आमच्या ओळखीत एक कुटुंब आहे. त्यांना विचारून लिहितेय, नावं लिहिणार नाही. मागच्या वर्षी ह्याच दिवसांत ते बोसोच्या किनाऱ्याला निघाले होते. तिसरीतली मुलगी आणि तिची एक जपानी मैत्रीण मागे. बोगद्यात शिरल्यावर एसी वाढवला आणि मैत्रीण म्हणाली, 'कुसाई.' पोरगी आठ वर्षांची, तिच्या मनात काही नव्हतं. नाकाला आलं ते तोंडातून निघालं. पण पुढच्या सीटवरून आईने तत्क्षणी मान वळवून माफी मागितली, 'सॉरी हं, आमच्या जेवणाचा वास असेल.'

डबा डिकीत होता. बंद. वर पिशवी, पिशवीला गाठ. पुरावा नाही, व्हाउचर नाही, आणि खर्च आपल्या नावावर टाकून मोकळ्या. आणि ते मागे बसलेल्या मुलीने ऐकलं.

सोमवारपासून त्या मुलीने शाळेत भाजी-पोळी न्यायचं बंद केलं. शाकाहारी असल्यामुळे ती शाळेचं जेवण घेत नाही, घरून डबा नेते. 'सँडविच दे. थंडच दे. वास नको.' सकाळी निघताना स्वेटर नाकाला लावून बघायला लागली. आठ वर्षांचं पोर रोज दारात उभं राहून स्वतःचा वास घेतंय, हे आईनेच मला सांगितलं, तेव्हा दोघी थोडा वेळ गप्प बसलो.

महिन्याभराने वडिलांनी डॅशबोर्डचा कप्पा उतरवून मागचा फिल्टर ओढून काढला. काळा. त्यात पानांचा चुरा, कसलेसे पंख, आणि हाताला लागेल इतका दमट. गाडी घेऊन तीन वर्षं झाली होती. त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली: फिल्टर लगेच फेकला नाही. मुलीला खाली पार्किंगमध्ये बोलावलं आणि म्हणाले, वास घेऊन बघ. ती म्हणाली, 'हाच तो!' मग नवीन फिल्टर, आतल्या जाळीची फवारणी, आणि वास गेला. मुलीचा डबा हळूहळू परत आला. लसणाची चटणी मात्र अजून शाळेत जात नाही. स्वेटरचंही कधीमधी चालूच आहे. एका वाक्याने बसलेली गोष्ट एका फिल्टरने पूर्ण निघत नाही.

त्या आईला दोष द्यायला मी हे लिहीत नाहीये. तिच्या जागी तुमच्यापैकी निम्म्या जणांनी तेच केलं असतं. परक्या देशात राहताना माफी आपल्या ओठांवरच असते. लिफ्टमध्ये, कचऱ्याच्या दिवशी, वरच्या मजल्यावर पोर धावलं तर. त्यातल्या बऱ्याच माफ्या मागायलाच हव्यात. पण तपासाच्या आधी देणं कबूल करू नये, हे कुठलाही ऑडिटर सांगेल. आणि मुलांसमोर तर नाहीच.

दुसरं म्हणजे शब्द. मला वाटतं, खरी गोम इथे आहे. आपल्या मुलांकडे वासासाठी एकच शब्द उरलाय, कुसाई. बुरशी कुसाई, मोजे कुसाई, हिंग कुसाई. मराठीत बघा किती आहेत: कुबट, कोंदट, आंबूस, खवट, करपट, वशट, घामट, उग्र. आणि पलीकडे खमंग, दरवळ, घमघमाट. आजीला नाक वळवून 'घाण' म्हणायची गरजच पडत नाही. ती दाण्यांचा डबा उघडून 'खवट झालेत' म्हणते आणि विषय संपतो. खवट म्हटलं की काय करायचं ते कळतं. कुबट म्हटलं की उन्हात टाका. करपट म्हटलं की गॅस बंद करा. शब्दातच उपाय असतो. 'कुसाई'मध्ये फक्त लाज असते.

आणि हे जपानीचं वैगुण्य नाही हं. जपानीतही भेद आहेत. बुरशीचा तो काबी-कुसाई, करपलेला तो कोगे-कुसाई, माशाचा वशट तो नामा-कुसाई, घामाचा तो आसे-कुसाई. उदबत्तीसारखी सुगंधी लाकडं जाळण्याची जी त्यांची जुनी कला आहे, त्यात तर वास 'घेतात' असं म्हणत नाहीत, 'ऐकतात' म्हणतात. त्यामुळे मूल किंवा त्याचा मित्र 'कुसाई' म्हणाला, तर माफीही नको आणि रागही नको. विचारा, 'कोणतं कुसाई रे? काबी-कुसाई का?' दहातल्या नऊ पोरांना हा खेळ आवडतो. गाडीत बसल्यावर पहिल्या मिनिटात कुबट वास आणि नंतर विरतो, तर ती आतली जाळी. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांमध्ये तो सिग्नललाच येतो, कारण थंडावा थांबला की ओल्या चुण्या कोमट होतात. सतत कुबट आणि पायाखालची चटई ओली, तर पाण्याची नळी तुंबलीय. गोडसर, पाकासारखा वास आणि काचेवर चिकट धुकं, तर हीटरचं कूलंट गळतंय, गॅरेज गाठा. जळकं प्लास्टिक किंवा पेट्रोल, तर गाडी बाजूला घ्या आणि आधी पोरांना उतरवा. धुराड्याचा धूर आत येतोय असं वाटलं तरी तेच. त्यातला कार्बन मोनॉक्साइड तर वासावाचूनच घात करतो. इतके वेगवेगळे वास, इतकी वेगवेगळी कामं. सगळ्यांवर एक लव्हेंडर कसा पुरणार?

कुणी म्हणेल, ठीक आहे, पण आपल्या जेवणाचा वास येतच नाही असं थोडंच आहे? येतो की! फोडणीतला तेलाचा धूर कापडात बसतो; जॅकेटमध्ये, सीटच्या कव्हरमध्ये, केसांत. आपल्याला तो कळत नाही कारण नाक सवयीच्या वासाची दखल घेणं सोडून देतं. हे सगळ्यांचंच होतं, म्हणून जपान्यांना स्वतःच्या घरातला सुक्या माशांचा वास येत नाही. तर त्याची सोय करावी, पण शरमेने नाही, नीटनेटकेपणाने. स्वयंपाक करताना जॅकेटं दुसऱ्या खोलीत, दार लावून. एक्झॉस्ट पंखा फोडणीच्या आधी सुरू, नंतर पंधरा मिनिटं चालू. गाडीत डबा खाल्लात तर सांडलेलं लगेच पुसा, दही किंवा दूध सीटमध्ये मुरलं तर ते खरंच आंबतं. प्रवासात डबा न्यावाच लागतो, कारण हायवेवरच्या थांब्यावर साध्या उदोनच्या रश्शातही बहुधा माशाचा अर्क असतो. मात्र भाड्याची गाडी असेल तर डबा बाहेर बाकावर बसून खा. अनेक कंपन्यांच्या करारात डाग किंवा वास राहिला तर गाडी बंद ठेवल्याचे पैसे घेण्याचं कलम असतं. करार वाचा, बाई-बाप्यांनो, सही करण्याआधी.

आणि जेवणाच्या वासाबद्दल मनात फारच गंड असेल तर हे ऐका. २००१ साली जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने देशभरातल्या जपून ठेवाव्यात अशा शंभर सुगंधी जागांची यादी केली. फुलं, समुद्र, चहाचे मळे हे तर आहेतच. पण त्यात ओसाकाच्या त्सुरुहाशी स्टेशनच्या परिसराचंही नाव आहे. ही कोरियन वंशाच्या लोकांची जुनी वस्ती, आणि तिथला वास कसला, तर भाजलेल्या मांसाचा आणि किमचीचा. पिढ्यान्‌पिढ्या ज्या लोकांना त्यांच्या लसणावरून बोललं गेलं, त्यांच्याच गल्लीचा वास सरकारी यादीत. मला मांसाचा वास नको वाटतो, तरी ही नोंद वाचून बरं वाटलं. निशी-कसाई स्टेशनच्या दक्षिणेला संध्याकाळी सातला कुठल्यातरी गॅलरीतून जिऱ्या-हिंगाची फोडणी येते. थकून उतरलेल्या माणसाला तो वास घरी पोचवतो. तो दरवळ आहे. त्याला दुसरं नाव देऊ नका.

बरं, कामाचं. फिल्टर साधारण वर्षातून एकदा, किंवा १०-१५ हजार किलोमीटरला बदलायचा असतो. गाडीच्या मॉडेलप्रमाणे दोन-तीन हजार येनच्या आसपास मिळतो. बहुतेक जपानी गाड्यांत तो समोरच्या कप्प्यामागेच असतो: कप्पा रिकामा करा, दोन्ही बाजू आत दाबून खाली उतरवा, मागे आडवं झाकण दिसेल. फिल्टरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो जुन्यासारखाच बसवा. त्यानेही वास गेला नाही तर इव्हॅपोरेटर धुऊन घ्या. गाड्यांच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत आणि डीलरकडे करतात. साध्या फवारणीला काही हजार येन, सगळं उतरवून धुवायचं तर त्याच्या कितीतरी पट, म्हणून आधी साधी. धुराचा डबा आत पेटवून ठेवायची पद्धतही आहे, पण तेव्हा गाडीत कुणी नको आणि नंतर सगळी दारं उघडून हवा खेळू द्या. घरचं ब्लीच जाळीवर ओतायच्या फंदात पडू नका, पत्रा खातं ते.

आणि रोजची सवय, जिला एक येनही लागत नाही: घर यायच्या पाच मिनिटं आधी ए/सी लिहिलेलं बटण बंद करा, पंखा चालू ठेवा, बाहेरची हवा आत घ्या. कसाईचा पूल आला की बटण, असं आमच्याकडे ठरलंय. मागून पोरंच ओरडतात.

फिल्टर बदलायला सर्वांत चांगला महिना मे. सुगी आणि हिनोकीचे परागकण संपलेले असतात आणि त्सुयूचा पाऊस सुरू व्हायचा असतो. यंदा तो मुहूर्त हुकला असेल तर ह्या रविवारी करा. काढलेला जुना फिल्टर पोरांच्या हातात द्या आणि त्याला मराठीत काय म्हणायचं ते विचारा. सोलापूर, कोल्हापूर, विदर्भाकडचे कुणी वाचत असाल तर तुमच्याकडच्या वासांचे शब्दही सांगा. माझ्याकडचे वर लिहिलेत तेवढेच आहेत, आणि आमच्याकडे आता रोज एक नवीन मागतात.